गावची वाट आणि पाहुण्याची गाडी

रविवारची सायंकाळ असते. मळ्यांवर उन्हे कलतात, माडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडतात आणि नेमक्या त्याच वेळी गावातल्या अरुंद वाटेवर एखादी मोटार थांबते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची गाडी. आतली मंडळी उतरतात, दारे लावून घेतात आणि छायाचित्रे काढण्यासाठी माडांच्या रांगेतून दूर निघून जातात. मागून कदंबची बस येऊन उभी राहते. बसमागे पोदेराची सायकल, तिच्यामागे कामावरून परतणाऱ्या दोन-तीन दुचाक्या. हॉर्न वाजू लागतात, शेजारच्या घरांतून माणसे डोकावतात, गाडीच्या मालकाचा शोध सुरू होतो. दहा-पंधरा मिनिटांनी तो येतो. कधी ओशाळून हसतो, कधी उलट आवाज चढवतो, आणि गाडी काढून निघून जातो. पुढच्या रविवारी दुसरी गाडी त्याच जागी उभी असते.

हा काय अग्रलेखाचा विषय झाला, असे कोणी विचारील. गोव्यासमोर जमिनींचे, पाण्याचे, रोजगाराचे मोठे प्रश्न असताना रस्त्यावर उभ्या असलेल्या चार मोटारींची चिंता कशाला? असे विचारणाऱ्यांनी प्रथम थोडे गणित करून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

एकेरी मार्गाच्या रस्त्यासाठी आपल्याकडे ३.७५ मीटर डांबरी रुंदीचे प्रमाण मानले जाते. वाहतूक अगदी कमी असलेल्या ग्रामीण रस्त्यांना तीन मीटरही चालतात. आपल्या गावांतील कित्येक वाटा या दोहोंच्या दरम्यानच्या आहेत, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, नाही तर शेताकडे उतरणारी कड असते. मध्यम आकाराची मोटार सुमारे पावणेदोन मीटर रुंद असते. चालकाने ती गडग्यापासून वीतभर अंतर राखून उभी केली, की पावणेचार मीटरांच्या रस्त्यातही उरते ते जेमतेम पावणेदोन मीटर. रुग्णवाहिकेला लागतात जवळजवळ दोन मीटर. अग्निशामक बंब आणि बस यांची रुंदी अडीच मीटरांच्या आसपास असते. म्हणजे एका गाडीने रस्ता अडत नाही, दुसरी समोर लागली तरच अडतो, ही समजूत मुळातच खोटी आहे. अशा वाटेवर एकच मोटार पुरते. ती उभी राहिली, की त्या वाटेपलीकडचा सारा वाडा, सायकलवाल्याचा अपवाद सोडला, तर जगापासून तुटतो.

बसमधल्या उतारूंना पंधरा मिनिटांचा उशीर झाला, तर ते चरफडतात आणि विसरतात. परंतु वाड्याच्या टोकाच्या घरात कोणाच्या छातीत कळ आली असेल, कोणा सुनेला अवेळी वेणा सुरू झाल्या असतील, कोणाच्या स्वयंपाकघरात सिलिंडरने पेट घेतला असेल, तर ती पंधरा मिनिटे कोठून परत आणायची? १०८ ची रुग्णवाहिका म्हापशाच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळापर्यंत पोहोचायला किती वेळ घेते, यावर आपण सभांतून बोलतो. ती वाड्यातून बाहेरच पडू शकली नाही तर काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. संकट येण्याचा वार आणि वेळ ठरलेली नसते. म्हणून वाट मोकळी ठेवायची ती गरज पडल्यावर नव्हे. ती सदैव मोकळी असावी लागते.

हे असे पूर्वी का होत नव्हते, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या गावच्या बहुतेक वाटा मोटारींसाठी आखलेल्या नव्हेत. त्या माणसांच्या, गुरांच्या आणि बैलगाड्यांच्या पायवाटा. १९६१ च्या मुक्तीनंतर त्यांच्यावर खडी पडली, डांबर आले. रुंदी मात्र दोन्ही बाजूंच्या भाटांनी आणि कुंपणांनी जेवढी दिली तेवढीच राहिली. तरीही त्या चालल्या, कारण त्यांना एक अलिखित शिस्त होती. समोरून बस दिसली, की अलीकडच्या वळणाशी थांबायचे. गाडी लावायची ती कोणाच्या तरी अंगणात, आणि तीही घरात हाक मारून. कोणाची गाडी आडवी राहिलीच, तर ती कोणाची हे साऱ्या वाड्याला ठाऊक असे. एक पोर धावत जाई आणि किल्ली घेऊन माणूस येई. ओळख हाच त्या वाटेवरचा वाहतूक पोलीस होता. आज जो पाहुणा येतो त्याला गाव ओळखत नाही आणि तो गावाला ओळखत नाही. जुनी शिस्त मोडली, आणि तिच्या जागी नवी कोणी बसवली नाही. खरे दुखणे येथे आहे.

मागील काही वर्षांत पर्यटन किनारा सोडून आत शिरले. त्यात अस्वाभाविक असे काही नाही. किनाऱ्यावरची गर्दी पाहून विटलेला मनुष्य शांत गाव शोधणारच. पर्रा गावातील माडांच्या रांगांमधून जाणारा रस्ता २०१६ सालच्या ‘डिअर जिंदगी’ या चित्रपटात दिसला, आणि शेताच्या कडेने जाणारी एक साधी वाट देशभरातील लोकांचे तीर्थस्थान होऊन बसली. आसगावसारख्या गावांत जुन्या घरांची उपाहारगृहे झाली. दिवाडीला लोक फेरीबोटीतून मोटारी घेऊन उतरू लागले. गावे तीच, वाटा त्याच. बदलला तो केवळ त्यांच्यावर येऊन थांबणाऱ्या वाहनांचा आकडा.

पर्रा पंचायतीने २०१९ साली त्या रस्त्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांकडून स्वच्छता कर घेण्याचा प्रयोग केला. त्याची देशभर चर्चा झाली, टीकाही झाली, आणि प्रयोग टिकला नाही. पंचायतीची चेष्टा करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. वैतागलेल्या गावाने हाताशी लागले ते साधन उचलले. परंतु त्या प्रयोगाने एक धडा मात्र घालून दिला आहे. गावाला छायाचित्राचा उपद्रव नव्हता. माडांचे चित्र काढल्याने माडांचे काही जात नाही आणि रस्त्याचेही नाही. उपद्रव होता तो चित्र काढताना टाकलेल्या कचऱ्याचा आणि आडव्या लावलेल्या गाडीचा. कर बसला कॅमेऱ्यावर आणि गाडी राहिली तेथेच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत झाली.

मग दोष कोणाचा? पाहुण्याचा तर आहेच. आपल्या दारासमोर कोणी अशी गाडी लावली असती तर आपण काय म्हटले असते, एवढा विचार करण्यासाठी स्थानिक भाषा येण्याची गरज नसते. तथापि सगळा राग पाहुण्यावर काढून आपण मोकळे होऊ नये. हातातल्या फोनने त्याला या वाटेवर आणून सोडले. गाडी कोठे लावावी हे त्याला ना फोनने सांगितले, ना गावाने. वेशीवर फलक नाही, मोकळी जागा नाही, विचारावे तर माणूस नाही. अशा वेळी मनुष्य जेथे पोहोचतो तेथेच थांबतो.

त्याहून मोठा वाटा आहे तो त्या पाहुण्यापासून लाभ मिळवणाऱ्यांचा. अरुंद गल्लीतील जुन्या घरात पंधरा-वीस मेजे मांडून उपाहारगृह उघडायचे, फाटकाच्या आत चार मोटारींपुरती जागा ठेवायची आणि पाचव्या गाडीपासून पुढच्या साऱ्या गाड्या गावच्या रस्त्यावर सोडून द्यायच्या, हा व्यवहार आज सर्रास चालतो. जेवणाचे पैसे मालकाच्या गल्ल्यात आणि गाडी शेजाऱ्याच्या फाटकासमोर! आणि हे मालक नेहमी परप्रांतीयच असतात असेही नाही. घर भाड्याने देणारा आपल्यातलाच असतो. खाजगी पाटीची मोटार चोरून भाड्याने लावणाराही पुष्कळदा आपल्यातलाच असतो. परवान्याच्या अर्जावर सही करणारी पंचायत तर आपणच निवडून दिलेली. लाभ वाटून घ्यायचा आणि त्रासाचे खापर तेवढे परक्याच्या माथी फोडायचे, हे न्यायाला धरून नाही.

या त्रासावर लोक जे उपाय योजतात त्यांचाही विचार करू. कोणी रस्त्याच्या कडेला दगड मांडतो, कोणी पिंप ठेवतो, कोणी चाकातली हवा सोडतो, कोणी शिव्यांचा भडिमार करतो. त्यामागचा संताप आम्हांस समजतो. परंतु रस्त्यावर मांडलेला दगड रात्रीच्या अंधारात दुचाकीस्वाराचा बळी घेऊ शकतो, आणि हवा सोडलेली गाडी तर अडवलेली वाट आणखी दोन तास अडवून ठेवते. शिवाय ज्याच्या बाजूने न्याय होता तोच उद्या पोलीस ठाण्यात आरोपी म्हणून उभा राहतो.

दुसरा उपाय राज्यकर्त्यांना फार प्रिय आहे. तो म्हणजे रुंदीकरण. गडगे पाडा, माड तोडा, मळ्यात भराव टाका आणि वाट दुप्पट करा. या उपायाला आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्यासाठी पाहुणा येतो तेच नष्ट करून त्याच्या गाडीची सोय करणे, हा शुद्ध वेडेपणा होय. आणि रुंद केलेल्या रस्त्यांचा अनुभव काय सांगतो? वाढवलेली कड वाहनांच्या रांगेने भरून जाते आणि जाण्यायेण्याला पूर्वीइतकीच चिंचोळी पट्टी उरते. फरक एवढाच, की माड गेलेले असतात.

कायद्याची वाण आहे म्हणावे तर तीही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ अन्वये सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल, किंवा होण्याचा संभव असेल, अशा रीतीने वाहन उभे ठेवणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी तेथे मनाईचा फलक असलाच पाहिजे असे नाही. वाहतुकीला अडथळा करणारे बेवारस उभे वाहन ताबडतोब ओढून नेण्याचा अधिकार कलम १२७ ने पोलिसांना दिला आहे आणि त्याचा खर्च मालकाच्या माथी ठेवला आहे. सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्याला जुन्या भारतीय दंड संहितेत अवघा २०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ ने तो ५,००० रुपयांपर्यंत नेला आहे. एक विसंगती मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, रुग्णवाहिकेला किंवा बंबाला बाजूला होऊन वाट न देणाऱ्या चालकाला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. तो चालक निदान हॉर्न ऐकून बाजूला सरकू शकतो. वाटेत कुलूप लावून सोडलेली रिकामी गाडी काहीच ऐकत नाही, आणि तिच्या मालकाला मात्र मोटार कायद्याच्या सर्वसाधारण कलमाखाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांवर सुटता येते. मोठा अडथळा आणि लहान दंड, असा हा उफराटा न्याय आहे.

तरीही केवळ दंडावर भिस्त ठेवता येणार नाही, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. पोलीस चौकी गावापासून दूर असते. तक्रार जाऊन शिपाई येईपर्यंत सूर्यास्त होऊन गेलेला असतो आणि पाहुणाही. ओढून नेणारी गाडी पाठवावी, तर ती त्या अरुंद वाटेत आधीच अडकलेल्या बसच्या मागे उभी राहते. शेवटी सापडतो तो गावातलाच कोणी, ज्याची दुचाकी क्षणभर दुकानासमोर लावलेली असते. चोर सोडून संन्याशाला सुळी! सारांश, गाडी वाटेत शिरल्यानंतरचा कोणताही उपाय उशिराचाच ठरतो. उपाय व्हायला हवा तो ती शिरण्यापूर्वी, गावाच्या वेशीवर.

त्यासाठी नवा कायदा नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहनतळाच्या जागा निश्चित करता येतात. कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना ठरावीक वेळी मज्जाव करता येतो. हा मज्जाव महिनाभराहून अधिक काळाचा नसेल, तर राजपत्रातील अधिसूचनेचीही गरज नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरेशी होते. असे आदेश आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतात. परंतु कोणत्या गावात कोणती वाट, कोणत्या वळणापासून कोणत्या घुमटीपर्यंत, हे पणजीत बसून कोणाला कळणार? ते गावाने सांगायचे आहे, आणि सांगण्याचे ठिकाण ग्रामसभा हे आहे.

आमच्या मते प्रत्येक अशा गावाने चार गोष्टी ठरवाव्यात. पहिली, कोणत्या वाटेवर एकही वाहन उभे राहू नये. हे अंदाजाने नव्हे, तर रस्ता मोजून ठरवावे. बंब गेल्यावर जेथे जागा उरत नाही ती सारी वाट निषिद्ध. दुसरी, पाहुण्याने गाडी लावायची कोठे. शाळेचे पटांगण रविवारी रिकामे असते. देवस्थानाकडे, चर्चकडे, कोमुनिदादीकडे गावाच्या तोंडाशी थोडी मोकळी जागा पुष्कळदा असते. भातशेतीला आणि खाजनाला मात्र कोणी हात लावू नये. वाहनतळासाठी मळ्यात टाकलेला भराव उद्या बांधकामाचा पाया होतो, हे आपण पुरेसे पाहिले आहे. तिसरी, तेथे गाडी लावण्याचे शुल्क पंचायतीने रीतसर पावती देऊन घ्यावे आणि त्यातून गावातीलच दोन-चार तरुणांना सुट्टीच्या दिवशी वेशीवर उभे करावे. पर्रा पंचायतीला जो पैसा हवा होता तो येथे सरळ मार्गाने मिळेल, कारण तो चित्राचा नव्हे, जागेचा मोबदला असेल. ज्यांना चालवत नाही अशा वृद्धांसाठी रिक्षाची सोय करावी. इतरांनी चालावे. मोटारीच्या काचेतून कोणतेही गाव दिसत नाही. ते पायीच पाहायचे असते.

चौथी गोष्ट उपाहारगृहांची व अतिथिगृहांची. जेवढी मेजे तेवढ्या प्रमाणात वाहनांची जागा, मग ती स्वतःच्या आवारात असो वा वेशीवर भाड्याने घेतलेली, ही अट पंचायतीने परवान्यातच घालावी आणि नूतनीकरणाच्या वेळी तपासावी. जो मालक वारंवार रस्ता अडवू देतो त्याच्याविरुद्ध भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, सार्वजनिक वाटेतील अडथळा दूर करण्याचा आदेश मिळवण्यासाठी, उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एका गाडीवाल्याशी दररोज भांडण्यापेक्षा, त्या गाड्या जेथून येतात त्या दाराशी एकदाच न्यायाने जाणे बरे.

येथवर वाचून आमच्या वाचकांनी समाधानाने मान डोलावली असेल, तर आता थोडे कटूही ऐकावे. आपणही पाहुणे असतोच. मंगेशीच्या, म्हार्दोळच्या, कवळ्याच्या जत्रेला आपण सहकुटुंब जातो, तेव्हा आपली मोटार कोठे उभी असते? देवदर्शनाच्या घाईत ती कोणाच्या तरी फाटकासमोर, कोणाच्या तरी विहिरीच्या वाटेत लावून आपण रांगेत उभे राहतो. देवाच्या कामाला आलो आहोत, म्हणजे एवढे चालायचेच, अशी मनाची समजूत घालतो. फेस्ताला जाणाऱ्यांचीही तीच कथा. त्या फाटकाआडच्या घरात त्या रात्री कोणी आजारी असेल, हा विचार आपल्यालाही शिवत नाही. आणि गावात तरी काय? घरात दोन मोटारी आल्या, अंगण फरशी घालून सजवले आणि गाडी मात्र बाहेर वाटेवर, असे दृश्य कोणत्या वाड्यात दिसत नाही? पाहुण्याला लावलेला नियम आपल्याला लागू नसेल, तर तो नियम नव्हे, तो निव्वळ द्वेष होय. आणि द्वेषाने चालवलेली व्यवस्था फार दिवस चालत नाही. वेशीवर फलक लावायचा तर त्यावरची पहिली गाडी सरपंचांची आणि दुसरी आमची, संपादकांची, थांबली पाहिजे.

आपल्या गावची वाट केवळ जाण्यायेण्याची सोय नव्हे. शिगम्याचा मेळ तिच्यावरून येतो, देवाची पालखी तिच्यावरून फिरते, चवथीचा गणपती तिच्यावरूनच तळीकडे निघतो. नवी नवरी तिच्यावरून घरात येते आणि घरचा म्हातारा शेवटी चार जणांच्या खांद्यावर तिच्यावरूनच जातो. इतक्यांच्या हक्काची वाट कोणा एकाच्या गाडीचे विश्रांतिस्थान होऊ शकत नाही, मग ती गाडी दिल्लीहून आलेली असो वा शेजारच्या वाड्यातली. पाहुण्याचे स्वागत जरूर व्हावे. त्याने गाव पाहावे, मळ्यावरचा वारा खावा, माडांची चित्रे काढावी. त्याची गाडी मात्र वेशीवर राहावी.

येत्या ग्रामसभेला जाताना कोणी तरी एक मोजपट्टी बरोबर न्यावी, एवढीच आमची सूचना आहे. भाषणे नंतर होऊ देत. आधी आपल्या वाड्याची वाट सर्वांसमक्ष मोजून पाहावी, तिच्यातून एका मोटारीची रुंदी वजा करावी, आणि उरलेल्या जागेतून रुग्णवाहिका जाते का, हे सभेलाच विचारावे. उत्तर मिळाले, की ठराव आपोआप लिहून होईल.